बहाद्दरची पंगत

कडगावच्या इनामदार नानासाहेबांचा कुत्रा बहाद्दर तुपात बुडवलेल्या पोळ्या खाऊन इतका सुटला होता, की चार पावलांतच त्याला धाप लागे. "जेवण निम्मं करा, नाहीतर याची आशा सोडा," असं वैद्यांनी बजावलं. नानासाहेब भडकले. "त्याच्या ताटातला एक घास जरी कमी झाला, तर कुणाची गय करणार नाही!"

त्यांच्या सुनेचा, अनसूयेचा, बहाद्दरवर फार जीव. ती म्हणाली, "मामंजी, घास कमी होणार नाही. ताट मीच वाढीन."

महिनाभरात बहाद्दर अंगणभर धावू लागला. खूश होऊन नानासाहेब त्याचं जेवण बघायला परसात गेले. बघतात तो काय, गल्लीतली एक कुत्री आणि तिची पिल्लं बहाद्दरच्याच ताटात तोंड घालून जेवताहेत!

"सूनबाई! हा काय प्रकार?"

"मामंजी, ताट होतं तेवढंच भरलंय. पण दारी आलेल्याला उपाशी ठेवून एकट्यानं जेवायची आपल्या घराची रीत नाही. बहाद्दर आपल्याच घरचा ना?"

नानासाहेबांना हसू आवरेना.

"घरचाच तर! मग पाहुण्यांना आग्रह करा, सूनबाई. यजमानाला मात्र नको!"