बेचाळिसावं पान

मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागातली पडदे ओढलेली काळोखी खोली.

"बेचाळिसावं पान कुठंय?"

केतकी वाघचौरे गडबडली. उद्या एम.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा. जर्नलवर दाभाडे सरांची सही नसेल, तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. वर्गात पहिली येणारी मुलगी. सहीसोबत शाबासकीही मिळेल, या बेतानं आली होती.

"सर, तेलाचे सात थेंब हवेत तोलून धरले. सातांवरही वीजभार इलेक्ट्रॉनच्या पूर्ण पटीत. पुस्तकात आहे तस्साच."

"ते दिसलं. एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस छापलंय."

"...आठवा थेंब खराब होता."

"काय केलं त्यानं?"

"पावणेतीन पट आला. इलेक्ट्रॉनचे तुकडे होतात का, सर?"

"मला काय विचारतेस? थेंबाला विचारलंस?"

"सगळेच असे थेंब गाळतात."

"माहीत आहे. आधी उत्तर लिहायचं, मग त्यावरून रीडिंग पाडायची. आणि आम्ही वर्षानुवर्षं डोळे मिटून सह्या ठोकायच्या."

सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. रोज प्रॅक्टिकल संपलं की तासभर असेच बसायचे. म्हातारा दिवसा तारे मोजतो, असं पोरं म्हणायची. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते.

"सर, तुम्ही रोज यात काय शोधता?"

त्यांनी फक्त खुर्ची सरकवून तिला जागा दिली.

तिनं पाहिलं. काळोखात थेंब ठिणग्यांसारखे चमकत होते. एकेक करून नजरेआड जात होते...

केतकीनं ॲप्रनच्या खिशातून चुरगळलेला कागद काढला. टेबलावर तळहातानं सपाट केला.

खोडलेल्या आकड्यावरून सर कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. मग त्याच कागदावर त्यांनी सही केली.

"आणि जर्नल?"

"आधी हे जागेवर चिकटव."

"परीक्षक मार्क कापतील, सर."

"कापतील."

ती डिंक शोधू लागली. सरांचा डोळा पुन्हा नळीवर गेला.

"एक पान मीही फाडलं होतं, केतकी. माझ्या सरांनी पानं मोजली नाहीत. सुवर्णपदक घरी आहे... त्या थेंबावर किती भार होता, ते आज कुणालाच सांगता येत नाही."