एका बाजूने झिजलेली खुर्ची

जुन्या खुर्चीसमोर उभे राहिलात, तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल?

बेनेडिक्ट तुस्कानो ती उलटी करायचा.

वरची बाजू दाखवण्यासाठी असते, तो म्हणायचा. खालची बाजू कोणी सजवत नाही. म्हणून आधी खालून बघावं.

त्या संध्याकाळीही त्याने तेच केलं होतं. वसईच्या किनाऱ्याजवळचं एक लहान चर्च. वेदीच्या मागे सॅक्रिस्टी, म्हणजे धर्मगुरूंची वस्त्रं ठेवायची खोली. खोलीच्या मधोमध एक काळी खुर्ची पाय वर करून पडली होती. तिच्याजवळ गुडघ्यांवर बेनेडिक्ट, हातात भिंग. आणि खिडकीपाशी, वेताच्या खुर्चीत, त्याचे गुरू फादर सिप्रियन.

अबनूस ओळखायला फादरांनीच त्याला शिकवलं होतं. काळं, थंड, पाण्यात टाकलं तर बुडणारं ते लाकूड. तेव्हा बेनेडिक्ट कॉलेजात होता. आता वसईपासून गोव्यापर्यंत कोणाच्या घरी अबनुसाचं कपाट निघालं, पेटारा निघाला, की त्याला बोलावणं जायचं. त्याने मान हलवली की ते खरं. नाही हलवली की ते माळ्यावर परत.

आणि ही खुर्ची माळ्यावरूनच आली होती.

चर्चची दुरुस्ती चालली होती. मोडके बाक, वाळवी लागलेली दारं, सगळं उद्या सकाळी टेम्पोत भरून भंगारात जायचं होतं. त्या ढिगात ही सापडली. अबनुसाची असेल, जुनी असेल, तर ठेवू. नसेल तर तीही टेम्पोत. चर्चच्या मंडळाने निर्णय बेनेडिक्टवर सोपवला होता.

"नकली," बेनेडिक्ट म्हणाला.

फादर उजवीकडे कलले. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, पंजा कानामागे नेला.

"काय म्हणालास?"

"नकली आहे, फादर." या वेळी मोठ्याने.

अलीकडे त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची. फादरांचे कान गेले, असं तो घरी म्हणायचा.

सेसमावशी चहा घेऊन दारात उभी होती. चर्चची झाडलोट तीच करायची, निवृत्त होऊन मागच्या खोलीत राहायला आलेल्या फादरांचं जेवणखाणही तीच बघायची.

"बिचारी खुर्ची," ती म्हणाली. "मघापासून उलटीपालटी करतोयस. तिला चक्कर आली असेल."

"मावशी, तिला उद्या टेम्पोत बसायचंय. सवय होऊ दे."

फादर हसले नाहीत.

"कशावरून नकली?"

बेनेडिक्टला हाच प्रश्न हवा होता. त्याने खुर्ची सरळ उभी केली आणि दिव्याखाली सरकवली.

"हा डावा हात बघा. काल केल्यासारखा. कडा अजून धारदार. आणि हा उजवा... मध्ये अर्धाच उरलाय. पाठीचंही तेच. उजवीकडे घासलेली, डावीकडे कोरी. माणूस दोन हात घेऊन बसतो, फादर. खरी खुर्ची दोन्हीकडे झिजते."

"मग हिला कोणी झिजवलं?"

"कोणीतरी कानस घेऊन बसला असणार. जुनी दिसावी म्हणून. एक हात झाला आणि कंटाळला."

"आळशी दिसतोय," फादर म्हणाले.

"आणि हे." बेनेडिक्टने खिशातून कापसाचा बोळा काढला. स्पिरिटमध्ये भिजवून त्याने तो मघाशी डाव्या हातावर फिरवला होता. बोळा काळा झाला होता. "रंग सुटतोय. अबनूस आतपर्यंत काळं असतं. त्याला रंग कोण लावेल?"

"किती वेळा पुसलंस?"

"एकदा. मला एकदा पुरतं."

फादरांनी मावशीच्या हातून कप घेतला. त्यांनी चहाचा घोट घेतला. कपाकडे बघितलं... आणि कप खाली ठेवला.

"बसून पाहिलंस?"

"बसून?"

"खुर्ची आहे ना ती."

"जुन्या खुर्चीवर मी कधी बसत नाही," बेनेडिक्ट म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच दिवशी. जुन्या वस्तूवर भार टाकू नये."

"त्या दिवशी तू एका खुर्चीवर उडी मारली होतीस, म्हणून म्हटलं होतं."

सेसमावशी पदराआड हसली.

"उद्या मंडळाला काय सांगणार?" फादरांनी विचारलं.

"सांगूनही झालं. दुपारीच. टेम्पोत टाका म्हटलं."

"मग आज बसायला काय हरकत आहे? टाकायचीच आहे."

बेनेडिक्ट खुर्चीजवळ गेला. थांबला.

"बस ना."

"मोडली तर..."

"मोडू दे. नकली आहे."

बाहेर माडांच्या झावळ्या वाजत होत्या. बेनेडिक्ट त्या खुर्चीकडे बघत होता, आणि फादर बेनेडिक्टकडे.

शेवटी तो बसला. फोटोला बसतात तसा, ताठ. दोन्ही तळहात खुर्चीच्या दोन्ही हातांवर.

मग त्याचा चेहरा खुलला.

"हे बघा, फादर! उजवीकडचा खळगा तळहाताखाली नाही. बराच मागे आहे. इथे कोणाचा हात येणार? कानस चालवणाऱ्याला माणसाचा हात कुठे पडतो तेसुद्धा माहीत नव्हतं. बसल्यावर तर जास्तच नकली निघाली."

फादर उठले. काठी टेकत खोली ओलांडून आले. खुर्चीच्या उजव्या बाजूला आले आणि हळूहळू जमिनीवर गुडघे टेकू लागले.

"फादर, गुडघा..." सेसमावशी पुढे झाली.

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

ऐंशीच्या घरातले गुरू जमिनीवर, शिष्य खुर्चीत. बेनेडिक्ट उठायला गेला.

"बस."

फादरांनी मान खाली घातली. बेनेडिक्टकडे न बघता, समोर कुठेतरी बघत, त्यांनी अगदी हलक्या आवाजात काहीतरी म्हटलं.

"काय?" बेनेडिक्ट म्हणाला.

फादर पुन्हा बोलले. पहिल्यापेक्षाही हळू.

बेनेडिक्ट उजवीकडे कलला.

त्याचं कोपर मागे सरकलं आणि खळग्यात बसलं. अगदी बरोबर बसलं, जणू तो खळगा त्याच्याच कोपराचं माप घेऊन केला होता. खांदा पाठीच्या घासलेल्या भागाला टेकला. पंजा आपोआप कानामागे गेला.

तो तसाच राहिला.

डावा हात मांडीवर होता. खुर्चीच्या डाव्या हाताला त्याचा स्पर्शही होत नव्हता.

"...फादर."

फादरांनी वर बघितलं नाही.

"ही पापनिवेदनाची खुर्ची आहे," बेनेडिक्ट म्हणाला.

चर्चमध्ये अजूनही लोक तसंच पापनिवेदन करतात. लाकडी जाळीच्या एका बाजूला गुडघे टेकायचे, आपलं चुकलेलं हळू आवाजात सांगायचं. जाळीच्या दुसऱ्या बाजूला धर्मगुरू कान लावून बसलेले असतात. या चर्चमध्ये ती जाळी त्यांच्या उजव्या हाताला होती. जुने धर्मगुरू गेले, नवे आले. जाळी तिथेच राहिली, आणि कोपरही.

"डावीकडे कोणी टेकलंच नाही," तो म्हणाला. तो स्वतःशीच बोलत होता. "कोणाला गरजच नव्हती... म्हणून कडा तशीच राहिली."

तो खुर्चीतून उतरला. नवा बोळा भिजवला आणि डाव्या हातावर फिरवला.

काळा झाला.

दुसरा बोळा. कमी काळा.

"माझ्याआधी इथली झाडलोट माझी सासू करायची, ती चोळायची ती काजळी असेल," सेसमावशी म्हणाली. "ईस्टर आला की मेणात काजळी कालवून जे दिसेल त्याला चोळायची. सणाला चकाकलं पाहिजे म्हणायची. एकदा घंटेच्या दोरीलाही लावली होती. दोरी ओढणाऱ्याचे हात बघायला हवे होते."

तिसरा बोळा. राखाडी.

चौथा बोळा पांढरा आला.

बेनेडिक्टने दिवा जवळ ओढला. खालचं लाकूड काळंच होतं, पण त्यात केसासारखी बारीक तपकिरी रेघ तिरकी जात होती. रंगवणारा अशी रेघ कधी मागे सोडत नाही. ती फक्त झाडात असते.

मग त्याने उजवा हात पुसला.

तिथेही रेघ होती. तशीच बारीक, तशीच तिरकी, फक्त उलट्या बाजूने आलेली. दोन हात शेजारी शेजारी मनात धरले, तर पुस्तकाची दोन पानं उघडावीत तशा त्या रेघा समोरासमोर येत होत्या.

"एकाच फळीतून कापलेत," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दोन्ही हात एकाच फळीचे. काही जोडलेलं नाही, काही बदललेलं नाही. मावशी, ही अख्खी खरी आहे. एवढी खरी मी आजवर पाहिली नाही."

"मला काय सांगतोस? फादरांना उठव आधी."

बेनेडिक्ट हसू लागला. हसता हसताच त्याने फादरांना काखेत हात घालून उचललं, लहान मुलाला उचलावं तसं, आणि त्या काळ्या खुर्चीत बसवलं.

फादर बसले. त्यांनी बघितलंही नाही, पण उजवं कोपर खळग्यात गेलं.

"काय सांगितलं रे त्यांनी तुला?" सेसमावशीने विचारलं. "गुडघे टेकून सांगण्यासारखं काय होतं एवढं?"

"म्हणाले, तुम्ही चहात साखर विसरलात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मोठ्याने सांगत नाहीत."

तिने फादरांचा कप उचलून तोंडाला लावला. तोंड वाकडं केलं.

"अगं बाई. खरंच की."

ती कप घेऊन आत गेली.

बेनेडिक्ट खाली फरशीवर बसला. समोर ते चार बोळे पडले होते, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. उद्या सकाळी मंडळासमोर उभं राहून आपला शब्द मागे घ्यायचा होता. तसं आजवर कधी झालं नव्हतं. आणि तरी त्याला एवढं हलकं वाटत होतं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"तुम्ही ही खुर्ची आधी पाहिली होती?" त्याने विचारलं.

"आजच पाहिली. तू उलटी केलीस तेव्हा."

बेनेडिक्टने खिडकीकडे बघितलं. दुपारपासून ते वेताच्या खुर्चीत होते. दुपारपासून उजवीकडे कलत होते, कोपर टेकत होते, पंजा कानामागे नेत होते. त्याच्या डोळ्यांसमोर. आणि तो भिंगातून खुर्चीचं पोट बघत होता.

"म्हणजे बघताक्षणीच तुम्ही ओळखलंत?" तो पुटपुटला.

फादर उजवीकडे कलले.

"काय म्हणालास?"

बेनेडिक्टने तोंड उघडलं. नेहमीसारखं मोठ्याने बोलणार होता... बोलला नाही. उठून खुर्चीच्या उजव्या बाजूला गेला, आणि गुडघे टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेनेडिक्टने मंडळासमोर, "काल माझं चुकलं, खुर्ची खरी आहे," असं सांगितलं, टेम्पो मोडके बाक आणि दारं घेऊन गेला, आणि पहिल्या मिस्सेच्या, म्हणजे सकाळच्या उपासनेच्या, आधी त्याने ती खुर्ची स्वतः उचलून जाळीमागे तिच्या जागी ठेवली.