खाडी ओलांडणारे तिघे

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. ओहोटी लागली की माणसं चिखल तुडवत पलीकडे जात.

खाडीकाठी एक पिंजारी राहत होता. पलीकडच्या गावी त्याची लेक तापाने फणफणली होती. हकिमांनी औषधाची पुडी दिली आणि बजावलं, "दिवस मावळायच्या आत पोटात गेली पाहिजे."

पिंजारी तडक निघाला. वाटेत मशिदीच्या पायरीवर म्हातारे मौलवी बसले होते.

"एकटाच?"

"शेजारचा अत्तरवाला आतार येतोय."

"मग दोघं झालात. तिघं असले म्हणजे काफिला, असं पैगंबरांनी सांगितलंय. तिसरा घे. एकाला अमीर, म्हणजे म्होरक्या, नेमा. तो सांगेल ते बाकीच्यांनी ऐकायचं."

तिसरा मिळाला तो म्हातारा तांबोळी. अंगाने जाड, चालीने मंद. पिंजाऱ्याचा जीव वर-खाली होत होता.

"चाचा, तुमच्यापेक्षा गोगलगाय बरी!"

"तिला विडा लावता येतो का?" तांबोळी म्हणाला.

वयाने मोठा म्हणून त्यालाच अमीर केलं.

खाडीच्या मध्यावर पिंजाऱ्याचा पाय चिखलात रुतला. तो काढायला गेला, तर दुसराही मांडीपर्यंत गेला. तेवढ्यात पाणी वाढू लागलं. भरती आली होती.

"पुडी घ्या आणि दोघंही पळा!" पिंजारी ओरडला. "पोर मरेल माझी!"

आतार एक पाऊल पुढे टाकी, एक मागे.

"अमीर कोण आहे?" तांबोळी गरजला. "आतार, पुडी डोक्याला बांध आणि जा. मागे बघू नकोस. मी आहे इथे."

आतार गेला. तांबोळी गुडघ्यांवर बसून हातांनी चिखल उपसू लागला. शिंपल्यांनी बोटं चिरली. एक पाय सुटला. पाणी पिंजाऱ्याच्या छातीला लागलं. दुसरा पाय सुटेना. मग तांबोळ्याने त्याच्या काखेत हात घातले आणि आपलं सगळं वजन मागे टाकलं. पाय निघाला. चप्पल तिथेच राहिली.

दोघं पोचले तेव्हा दिवस मावळला होता. दारात आतार उभा होता. आत लेक दिवस असतानाच औषध घेऊन झोपली होती, आणि ताप उतरून तिच्या कपाळावर घाम फुटला होता.

 पिंजाऱ्याने पाणी मागितलं आणि तांबोळ्याचे चिरलेले हात स्वतः धुतले.

एकटा अडकला तर त्याचं कामही अडकतं, दोघांत एक अडकला तर माणूस किंवा काम सोडावं लागतं. म्हणून अवघड वाटेला तिघांनी निघावं आणि एकाचं ऐकावं.