टेकाडातला आजा

गोदावरीकाठच्या एका गावात रंभाजी नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो कधी चुकवत नसे. तीच तर पंचाईत होती.

गावाबाहेरच्या टेकाडात देवस्थळीबाई तीन वर्षं उत्खनन करत होत्या. अखेर त्यांना एक सांगाडा लागला. तीन हजार वर्षांपूर्वीचा, सगळ्या दातांसकट. हा गृहस्थ काय खात होता, कशाने मेला, हे तपासायला सोमवारी पुण्याहून तज्ज्ञ येणार होते. बाईंना घास गोड लागत नव्हता. मदतीला मिळाला रंभाजी.

पहिल्याच दिवशी त्याने कुदळ उगारली. बाई किंचाळल्या, "अरे, खड्ड्यात माणूस दिसला की हात लावायचा नाही! ब्रशने हळूहळू माती झाडायची."

"बरं, बाई."

दुसऱ्या दिवशी उत्खनन बघायला आलेले सरपंच कड ढासळून खड्ड्यात पडले आणि गळ्यापर्यंत गाडले गेले. रंभाजी ब्रश घेऊन शेजारी बसला.

"अरे मुडद्या, हात दे!"

"हात लावायचा न्हाई. हलू नका."

दुपारपर्यंत सरपंचांच्या सदऱ्याची दोन बटणं तेवढी मोकळी झाली. बाई डाफरल्या, "माणूस अडकलाय ना? मग हात धरून ओढायचं!"

"बरं, बाई."

तिसऱ्या दिवशी मातीतून सांगाड्याचा पंजा वर आला. रंभाजीने तो धरला, पाय रोवले आणि ओढला.

"बाई, आला!"

"कोण आला?"

"हात आला. बाकीचं मागं ऱ्हायलं."

बाईंनी कपाळ बडवून घेतलं. "रंभाजी, माणूस आहे रे तो! तुझा आजा असता तर असा ओढला असतास? आजा समज, आणि त्याचं सगळं नीट कर."

रंभाजीचे डोळे भरून आले. "बरं, बाई."

सोमवारी बाई पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेल्या. परत येऊन बघतात तर खड्डा रिकामा. रंभाजी घाटावर असल्याचं कळलं, तशा धावत तिकडे गेल्या. रंभाजी डोकं भादरून, ओल्या पंच्यात बसला होता. भटजी दर्भ आवरत होते.

"सांगाडा कुठाय?"

"आजा म्हना, बाई," रंभाजीने हुंदका दिला. "तुमी सांगितलं तसं समदं नीट केलं. जाळायला कायबी उरलं नव्हतं, म्हनून अस्थी सरळ गंगंत सोडल्या. तीन हजार वर्सं ताटकळलं बिचारं. कुनी इचारलं न्हाई."

पाहुणे नुसते पाण्याकडे बघत राहिले. बाई पायरीवर मटकन बसल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या. रंभाजीलाही गहिवरून आलं. त्याने बाईंना तांब्याभर पाणी दिलं आणि समजूत घातली,

"रडू नका, बाई. वय झालं व्हतं त्येंचं."