डोंगर चढणारं पाणी

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं, आणि त्या राज्यात एक फार चांगली चाल होती. धुळवडीच्या दिवशी दरबारातली विदूषकीण राजाच्या डोक्यावर घुंगरांची टोपी चढवी. मग राजाने उभं राहून वर्षभरातला आपला सगळ्यात मोठा मूर्खपणा रयतेला सांगायचा. रयत पोट धरून हसे, आणि झालेली चूक लगोलग दुरुस्त होई.

म्हातारा राजा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. मनाने चांगला, पण शहाणं दिसायची भारी हौस! त्याने दोन शास्त्री पदरी ठेवले. दोघेही इतके विद्वान, की पानावर वरण आधी वाढावं की भात, यावर त्यांचा वाद रंगे आणि तोवर दोन्ही निवून जात.

त्या वर्षी गावाच्या माथ्यावरच्या तलावाला नवा बांध घातला. पाणी सोडायची मोरी पूर्वेलाच शुभ, असं शास्त्र्यांनी पोथ्या धुंडाळून ठरवलं. पूर्वेला होता डोंगर, आणि शेतं सगळी पश्चिमेच्या उतारावर. राजाने मान डोलावली. जुनी मोरी बुजवली, नवी डोंगराकडे उघडली. पाणी काही डोंगर चढेना.

तलाव काठोकाठ, पण खाली बागा वाळल्या, विहिरी आटल्या, जनावरं हंबरू लागली. रयत गाऱ्हाणं घेऊन गेली, तर शास्त्री म्हणाले, "मोरी निर्दोष आहे. तुमच्या श्रद्धेत खोट आहे." राजाला मनातून कळत होतं, पण कबूल करायला जीभ रेटेना.

धुळवड आली. शास्त्री म्हणाले, "महाराज, राजाचं हसं झालं की धाक जातो. यंदा टोपी नको. विदूषकिणीने महाराजांच्या शहाणपणाची स्तुती करावी. वेडंवाकडं बोलली, तर तिला हद्दपार करावं."

राजाने "बरं" म्हटलं.

विदूषकिणीचं नाव सगुणा. केस पिकले, पण जीभ हिरव्या मिरचीसारखी. ती टोपी स्वतःच्याच डोक्यावर घालून मैदानात उभी राहिली.

"महाराज, शहाणपणाची स्तुती करायला शास्त्रीबुवा आहेतच. मी आपली माझ्या मालकिणीची, मूर्खपणाबाईची, स्तुती करते. ती आहे म्हणून बेसूर नवऱ्याचं भजन बायको कौतुकाने ऐकते. ती आहे म्हणून नव्वदीचा म्हातारा आंब्याची कोय लावतो. आणि पाणी? ते तर माझ्याहून खुळं. उतार दिसला की धावत सुटतं! त्याला डोंगर चढायला शिकवायचं म्हणजे थोर विद्वानच हवेत."

"हद्दपार!" दोन्ही शास्त्री एका सुरात ओरडले. त्यांचं एकमत झालेलं लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

राजाने मात्र रयतेकडे पाहिलं. वडिलांच्या वेळी याच मैदानात हसण्याचा गडगडाट व्हायचा. आज कुणाच्या ओठाची कडही हलली नव्हती.

"सगुणाबाई, आज कुणी हसत का नाही?"

"हसायला घसा ओला लागतो, महाराज. यांच्या घरात प्यायला पाणी नाही."

राजाचं तोंड उतरलं. त्याला लाज वाटली, अगदी आतून वाटली. तो सिंहासनावरून खाली आला. त्याने सगुणाबाईच्या डोक्यावरची टोपी काढली आणि आपल्या डोक्यावर घातली.

"लोकहो," तो म्हणाला, "यंदा मी पाण्याला डोंगर चढायचा हुकूम दिला. पाण्याने ऐकलं नाही. तुम्ही सांगितलं, ते मी ऐकलं नाही. तुम्हाला तहानेलं ठेवून मी शहाणा दिसत राहिलो. माफ करा मला."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सारं मैदान खदखदून हसू लागलं. हसता हसता बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तशीच कुदळी घेऊन माणसं तलावावर गेली. राजाही गेला. सांज व्हायच्या आत पश्चिमेची मोरी मोकळी झाली आणि पाटात पाणी खळाळलं.

राजाने शास्त्र्यांपुढेही टोपी धरली. "आपली एक तरी चूक सांगा आणि खुशाल इथे राहा."

दोघांनी पुष्कळ डोकं खाजवलं, पण एकही आठवेना. शेवटी ते शेजारच्या राज्यात निघून गेले. तिथे त्यांना वेशीवरूनच पालखीत बसवून नेलं म्हणे. आपल्याला काय!

तात्पर्य काय, तर आपल्या मूर्खपणावर जो सगळ्यांआधी हसतो, त्याच्याच घरी शहाणपण नांदतं.