खारातला फणस

एका गावात सगुण नावाचा आचारी होता. गाव कोकणातलं, त्यामुळे घरोघरी जिभा चोखंदळ. अशा गावातही सगुणच्या सागोतीला, म्हणजे मटणाच्या रश्श्याला, कधी कोणी नाव ठेवलं नव्हतं. तो अर्जोजी राणे यांच्या घरी स्वयंपाकाला होता. अर्जोजी गावाचे मानकरी, गावकर. देवीच्या जत्रेत पहिला मान त्यांचा आणि पंगतीत पहिलं पानही त्यांचंच.

अर्जोजींना मटण मनापासून आवडायचं. एका वर्षी जत्रेसाठी त्यांनी बोकड घरीच वाढवला. रोज तिन्हीसांजेला ते त्याला तळहातावरचं मीठ चाटवायचे. जत्रेच्या दिवशी ढोलांच्या आवाजानं बोकड बिथरला आणि देवळाकडे पाऊल टाकेना. चारचौघांनी ओढून पाहिला, तरी हलेना. शेवटी अर्जोजींनी मुठीत मीठ घेतलं आणि हात पुढे केला. त्याबरोबर तो मुकाट त्यांच्या मागून चालू लागला, तळहात चाटत, अगदी शेवटपर्यंत. माणसं खाल्ल्या मिठाला जागत नाहीत, तो मुका जीव जागला. प्रसादाचं पान पुढ्यात आलं तेव्हा अर्जोजींच्यानं घास उचलवेना. ते उठून देवीसमोर गेले आणि शब्द देऊन आले, की आपल्याला तोंडी लावायला म्हणून यापुढे कोणाचा जीव जाणार नाही.

शब्द दिला, पण जीभ बदलून मिळत नाही. ती होती तीच राहिली. गावकर पानावर बसायचे, डाळ-भात इकडचा तिकडे करायचे आणि अर्ध्यावर उठायचे. सगुणला ते बघवेना. चैत्र लागला होता आणि परसातल्या फणसाला कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, धरले होते. त्यानं एक कुयरी उतरवली. खोबरं आणि कांदा भाजून सागोतीचंच वाटण केलं, मसालाही तोच घातला. कोवळा फणस नीट शिजला, की त्याचे धागे अगदी मटणासारखे सुटतात. पहिला घास घेऊन गावकर थबकले. हे काय आहे, असं त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. जिभेला अशीच फसवत जा, असं त्यांनी सगुणला सांगितलं, आणि तेव्हापासून हंगामात ताजी कुयरी आणि एरवी बरणीत खारवून ठेवलेला फणस, असा त्या घरचा रिवाज पडला.

गाव गप्प बसेल तर ते गाव कसलं? वाघ म्हणे हल्ली गवताचा ससा करून खातो, असं पारावर बोलणं निघे. एका भाऊबंदानं तर तोंडावरच विचारलं, की सोडलंय तर पुरतं सोडावं, ही सोंगं कशाला? अर्जोजी रागावले नाहीत.

"चव माका आवडताच," ते म्हणाले. "चवीशी माझा भांडाण नाय. पण तो हात चाटणारो जीव डोळ्यांसमोरसून जाणा नाय."

सगुणनं हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि त्याला आपल्या फणसाचा अभिमान वाटला. अभिमान ही चीजच अशी आहे, की ती माणसाला चांगल्या कामाला लावते, तशीच वाईट कामातही ढकलते.

पुढे एका आश्विनात अर्जोजी तापानं अंथरुणाला खिळले. ताप उतरला, पण अन्नावरची वासना मेली. पेज पुढे केली की ते तोंड फिरवायचे. चार माणसांत उठून दिसणारा देह, त्याचं चिपाड झालं. वैद्यानं सांगितलं, की पोटात अन्न गेलं नाही तर आता आशा धरू नका. घरच्यांनी परोपरीनं विचारलं, तेव्हा गावकर एवढंच म्हणाले, की सगुणाच्या हातचा फणस मिळाला तर दोन घास खाईन.

सगुण धावत बरणीकडे गेला. झाकण काढलं, तर कुबट वास आला. त्या वर्षी खार, म्हणजे मिठाचं पाणी, कमी पडला होता आणि सगळा फणस नासून गेला होता. झाडावर तर आश्विनात पानांशिवाय काही नसतं. आत मालक मरणाच्या दारात आणि बाहेर सगुण रिकाम्या हातानं उभा. नाही म्हणून सांगायला आत जायचं, तर पाय उचलेना. त्याला वाटलं, मी नाही म्हटलं आणि हे गेले, तर ते माझ्या जिवाला कायमचं लागेल.

तो शेजारच्या गावी गेला, मटण घेऊन आला आणि शिजवलं. त्यानं वाडगा गावकरांच्या ओठाशी धरला.

"खारातलो फणस असा, गावकारानु," तो म्हणाला. "पोटभर जेवा."

गावकर जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले. हळूहळू अंगात ताकद आली, ते उठून बसले, अंगणात हिंडू लागले. घरात आनंदीआनंद झाला. सगुणला मात्र झोप लागेना. आपण जीव वाचवला, असं तो मनाला सांगायचा. मन ऐकून घ्यायचं आणि गप्प राहायचं.

अंगात पुरतं बळ आल्यावर अर्जोजी देवीच्या पाया पडायला निघाले. सगुणला त्यांनी आग्रहानं सोबत नेलं. देवळात सगळ्या गावासमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "जीवय वाचलो आणि शब्दय वाचलो, ता ह्या सगुणामुळे."

खरं म्हणजे सगुण गप्प बसला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. जिथून मटण आणलं तिथे कोणी विचारायला जाणार नव्हतं. पण तो खांद्यावरचा हात त्याला पेलवेना. मंडळी पांगली, तेव्हा देवळाच्या पायरीवर तो गावकरांच्या पायाशी बसला.

"तो फणस नव्हतो," तो म्हणाला. "बोकडाचा मटाण होता. दुसरो उपाय दिसाक नाय. तुमचो जीव वाचूक व्हयो होतो."

अर्जोजींनी आपला उजवा तळहात उघडला, पाहिला आणि मिटला. आवाज चढला नाही, पण त्यातला जिव्हाळा गेला होता.

"सगुणा, जिभेक फसवूक तुका मियाच सांगितलंय. माका फसवूक कोणी सांगितल्यान?" ते म्हणाले, "फणस नाय म्हणान सांगूक व्हया होता. खावचा काय नाय, ता ठरवचा काम माझा होता."

ते उठले, पुन्हा गाभाऱ्यासमोर गेले आणि देवीला तोच शब्द नव्यानं दिला. सगुणला वाटलं, आता आपली नोकरी गेली. पण त्यांनी त्याला काढलं नाही. ही गोष्ट गावात कोणाला कळूही दिली नाही.

चैत्रात कुयऱ्या आल्या. सगुण कोयता शोधायला गेला, तर तो जागेवर नव्हता. परसात खुद्द गावकर गोणपाटावर बसून फणस कापत होते. ज्यांनी जन्मात कधी भाजी चिरली नव्हती, त्यांचे हात कोपरापर्यंत चिकानं माखले होते. तुकडे धड सारखे होत नव्हते. असे तुकडे शिजले की काही गाळ होतात आणि काही कच्चे राहतात. सगुणनं हात पुढे केला आणि मला द्या म्हणून विनवलं.

"ऱ्हवांदे," गावकर शांतपणे म्हणाले. "तू फोडणी घाल."

त्यानंतर अर्जोजी पुष्कळ वर्षं जगले. सगुणला ते कधी लागेल असं बोलले नाहीत. पण स्वतः कापल्याशिवाय त्या घरात त्यांनी फणस खाल्ला नाही. सगुण फोडणी घालायचा आणि दर वर्षी वाट पाहायचा, की या चैत्रात तरी कोयता आपल्या हाती येईल. तो आला नाही.

तात्पर्य: जिभेची समजूत खोट्यानं काढली तरी चालते, कारण ती माणसाच्या संमतीनं फसते, पण माणसानं मनाशी धरलेला निश्चय प्रेमापोटीही चोरून मोडू नये. जाणारा जीव वाचवता येतो, गेलेला विश्वास परत आणता येत नाही.