फटीशी बसलेलं तोंड

डोंगर एकमेकांच्या सोयरिकी जुळवत, त्या काळची गोष्ट. वानरटेकडीवर दोन हुप्पे गादीसाठी भांडू लागले आणि दिवसभर दगड बरसू लागले. "दगड खाली ठेवाल तेव्हाच वाट मोकळी," असं बजावून शेजारच्या रानाने खिंडीत काट्यांचं कुंपण घातलं. लेकुरवाळ्या उपाशी मरू नयेत म्हणून एक फट ठेवली आणि उंबरं पोचवायचं काम धनेश पक्ष्यावर सोपवलं. कोंडलेल्याला भरवण्यात त्याचा हात कोण धरणार? मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तेव्हा तोच तिला फटीतून भरवतो.

धनेशाने महिनाभर खेपा घातल्या. फटीत चोच घालायची, समोरच्या तोंडात उंबर द्यायचं, परत उडायचं. दगड काही थांबेनात. त्याचा जीव थाऱ्यावर राहीना.

एके सकाळी वाळून काटकी झालेली वानरी कुंपणावर चढली.

"धनेशदादा, तुमच्या ढोलीत तोंड एकच असतं. इथे फटीशी कोण बसतं, कधी वाकून पाहिलंत?"

त्याने पाहिलं. एरवीचे वैरी, पण फटीशी दोन्ही हुप्प्यांनी पाळ्या लावल्या होत्या. पोटं नगाऱ्यासारखी. उरलेली उंबरं दगड मारणाऱ्यांना.

धनेश शरमेने तडक उडाला. कुंपण तसंच राहिलं, पण उंबरं वरून, झाडाझाडावर, लेकुरवाळ्यांच्या ओंजळीत पडू लागली. दगड मारणाऱ्यांनीही हात पुढे केले. दगड धरलेल्या हाताला उंबर झेलता येत नाही.

संध्याकाळी टेकडी गप्प होती. फटीशी दोन्ही हुप्पे शेजारी शेजारी आ वासून बसले होते.